ट्रंकेत बसेल असं कार्ड

पलूस, ४ ऑगस्ट

नाईक शिवतेज यांस,

‘प्रिय’ची जागा मोकळी सोडली आहे. पत्र लिहून होईपर्यंत राग उतरला तर भरीन.

तुमचं पत्र काल मिळालं. पोस्टमन केरबाअण्णांनी कोपऱ्यावरूनच हाळी दिली, "मिलिटरीचं टपाल आलंय!" आत्याबाई पिठाच्या हातानंच धावल्या. पाकीट कपाळाला लावलं, माझ्याकडे दिलं आणि समोर बसून म्हणाल्या, "वाच की गं मोठ्यानं. काय म्हनतोय माझा शिवा?"

काय वाचू? पहिलं पान ग्राफिक्स कार्ड. दुसरं पान ग्राफिक्स कार्ड. तिसऱ्या पानावर एक चित्र, चित्रात डबा, डब्यात बाण, बाणांवर आकडे. शेवटी दोन ओळी, आईआबांना नमस्कार आणि तू तब्येतीला जप. मी सरळ म्हटलं, "ते म्हणतात, इथं थंडी लय आहे, पण जेवण चांगलं मिळतं." आत्याबाईंचे डोळे भरून आले. तेवढं तरी खोटं मला बोलायला लावू नका. पुढच्या पत्रात थंडीबद्दल खरंच दोन ओळी लिहा.

मागच्या पत्रात मी तुम्हाला एकच गोष्ट विचारली होती. तुमची ही डोंगरावरची मुदत हिवाळ्यानंतर संपते, पुढची बदली खाली एका शहरात आहे, तिथं कुटुंब नेता येतं, राहायला क्वार्टर मिळतं, हे सगळं तुम्हीच मागच्या सुट्टीत सांगितलंत. मग मला न्याल का? लग्न झाल्यापासून आपण सुट्टीपुरते नवरा-बायको आहोत. तुम्ही येता, घरचे दोन दिवस, पाहुणे दोन दिवस, देवदर्शन, मग बॅग भरायला लागता. मला तुमच्याबरोबर राहायचं आहे. एका घरात, रोज. याचं उत्तर म्हणून कार्डाची लांबी आली.

बरं, आता कार्डाचं. मागच्या सुट्टीत तुम्ही तो काळा डबा जुळवत बसला होतात. माझ्या शिवणयंत्राच्या झाकणाएवढा तो डबा. त्यात प्रोसेसर, पंप, नळ्या, रेडिएटर, सगळं कोंबलंत आणि कार्ड राहिलं तोवर सुट्टी संपली. आता म्हणता, डिसेंबरात येईन तेव्हा चालू पाहिजे, गेम खेळायचेत. पडद्यावर चित्र उमटवतं ते कार्ड, ते नसलं तर गेम चालत नाही, एवढं मला कळलं. ही यंत्रं तापतात म्हणून आत पाणी फिरवायचं, हेही कळलं. पण बाजारातली कार्डं त्या डब्यापेक्षा मोठी असतात, हे डबा घेताना तुम्हाला कसं दिसलं नाही?

हे फोनवर विचारलं असतं. पण तुमच्या डोंगरावरच्या चौकीतून आठवड्यातून एकदा फोन, तुमच्या मागे रांग. आधी आत्याबाई रडून घेतात, मग तुमचे आबा, म्हणजे आमचे मामा, ऊस किती वाढला ते सांगतात. फोन माझ्या हातात येईपर्यंत तुम्ही म्हणता, "कार्डाचं बघ हं," आणि लाइन जाते.

शनिवारी सांगलीला जाते. आणखी काय करणार?

उत्कर्षा

ता. क. जागा मोकळीच राहिली आहे.


पलूस, २४ ऑगस्ट

शिवतेज यांस,

सांगलीच्या दोन फेऱ्या झाल्या. कार्ड झालं नाही. आधी हे सांगून टाकते, म्हणजे तुम्ही पत्र उलटंसुलटं करून शोधत बसायला नको.

बाजारपेठेच्या मागच्या बोळात मल्हार म्हणून एक दुकानदार आहे, साधारण तुमच्या वयाचा. त्याला डब्याचा फोटो दाखवला तर तो हसायलाच लागला.

"वहिनी, ह्यात काय बसवायचं? सुपारी?"

मी म्हटलं, "माझ्या नवऱ्यानं घेतलाय. हसायचं असेल तर ते डिसेंबरात येतील तेव्हा त्यांच्या तोंडावर हसा."

मग बिचाऱ्यानं हसू आवरलं आणि आत किती लांबी मिळते ते विचारलं. माझ्याकडे माप तयार होतं. गावभरचे ब्लाऊज मी शिवते, मला टेप लावायला कोणी शिकवायला नको. त्यानं दोन पंख्यांचं एक कार्ड काढून दिलं. घरी आणलं, डबा उघडला, आणि शेवटचं बोटभर आत जाईना. जाईल कसं? मी डब्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत माप घेतलं होतं. पुढच्या भिंतीला तुमचा रेडिएटर आणि त्याचा पंखा चिकटून बसलाय, तो मी धरलाच नव्हता. ब्लाऊज बेतताना अशी चूक मी कधी केली नाही, आणि इथं नेमकी केली. मला स्वतःचाच इतका राग आला की त्या दिवशी संध्याकाळी मी जेवलेच नाही.

मामांनी सगळं बघितलं. चष्मा वर करून डब्यात डोकावले आणि म्हणाले, "त्यात काय एवडं? मागनं पत्रा कापू की. ग्राइंडर हाय आपल्याकडं." मी ग्राइंडर उचलला आणि धान्याच्या कणगीमागे लपवून ठेवला. तो अजून तिथंच आहे. मामांनी दोनदा विचारलं, मी दोनदा माहीत नाही म्हटलं.

दुसऱ्या फेरीत आखूड कार्ड मिळालं. ते लांबीला बसलं आणि जाडीला अडलं. मल्हारनं हात टेकले.

"वहिनी, भाऊंना सांगा, येकतर पाणी ठेवा, न्हाईतर दमदार कार्ड ठेवा. दोगंबी ह्या डब्यात नांदायची न्हाईत."

मग त्यानं एक मार्ग सांगितला. कार्डाचे पंखे काढून टाकायचे, त्या जागी तांब्याची चपटी पेटी बसवायची, तिला ते ब्लॉक म्हणतात. तुमच्या नळ्यांतलं पाणी तिच्यातूनही फिरवायचं, म्हणजे कार्ड बारीक होतं आणि मावतं. पण ज्या कार्डाची त्याचीच पेटी लागते, दुसऱ्याची चालत नाही. आता तुम्ही कळवा, साठ घ्यायचं की सत्तर? दुकानात सगळे एवढंच म्हणतात, पूर्ण नाव कोणी घेत नाही. सत्तर जास्त ताकदीचं आणि जास्त तापट.

आणि मुळातला प्रश्न. एवढा लहान डबा कशासाठी? घरात जागा नाही का? माडीवरची खोली रिकामी आहे. तिथं कपाटाएवढा कॉम्प्युटर ठेवला तरी कोणी काही म्हणणार नाही. मोठा डबा घेतला असतात तर पहिलंच कार्ड बसलं असतं आणि मी एसटीत त्या खोक्याला पोटाशी धरून उभी राहिले नसते.

दुसरा प्रश्न तोच, मागचाच. मला न्याल का?

उत्कर्षा


पलूस, १५ सप्टेंबर

शिवतेज,

दोन्ही प्रश्नांची उत्तरं एका पत्रात मिळाली. बरं झालं, शेजारी शेजारी ठेवून वाचता आली.

तुमचंच वाक्य तुम्हाला परत लिहून पाठवते. "डबा लहान घेतला कारण तो माझ्या काळ्या ट्रंकेत बसतो. खाली ब्लँकेट, वर डबा, बाजूला कपडे. कुठेही बदली झाली तरी सोबत येईल. बराकीत संध्याकाळी वेळ जात नाही."

आणि त्याच्याखाली, "तुला नेण्याचं मीही मनात आणलं होतं. पण आईआबांचं वय झालंय, त्यांना एकटं कसं टाकायचं? पुढच्या वेळी बघू."

दुसरं उत्तर आधी घेते. आत्याबाईंचे गुडघे दुखतात, हे खरं आहे. मामांना संध्याकाळनंतर नीट दिसत नाही, हेही खरं आहे. सकाळी त्यांच्या डोळ्यांत थेंब मीच घालते. त्या दोघांचा मला काही त्रास नाही. उलट वाईहून लग्न होऊन आले तेव्हा इथली बोली मला निम्मी कळायची नाही, तर आत्याबाईंनी कधी कोणाला हसू दिलं नाही. त्यांच्या नावानं तुम्ही नाही म्हणालात, आणि मी गप्प बसले. गप्प बसले म्हणजे पटलं असं समजू नका.

पण पहिल्या उत्तरानं माझं डोकं फिरलं. तुमची जुनी ट्रंक माळ्यावर आहे, त्याच मापाची. ती खाली ओढली, आतलं पोतं काढलं, तळाला ब्लँकेट घातलं आणि डबा ठेवला. बसला. झाकणसुद्धा लागलं. इतकं बारीक मोजून तुम्ही त्या यंत्रासाठी जागा काढलीत! उन्हाळा, हिवाळा, बदली, बराक, सगळ्याचा विचार केलात. आणि बायको माडीवर. माझ्यासाठी तुम्ही कधी टेप काढला होता का, सांगा.

आत्याबाईंनी विचारलं, "ट्रंक कशाला काडलीस गं?" मी म्हटलं, वाळवी लागली का बघते.

कार्डाचं सांगते, कारण सांगितलं नाही तर पुढच्या फोनवर तेच विचाराल. तुम्ही सत्तर म्हणालात, मल्हारनं सत्तर मागवलं, ब्लॉकही मागवला. दोन्ही आले. दुकानात बसून त्यानं पंखे उतरवायच्या आधी ब्लॉक वर धरून बघितला तर भोकं जुळेनात. नाव तेच, नंबर तोच, पण दोन कंपन्यांनी आतली पाटी वेगवेगळी बनवलेली. बाहेरून सांगायला काही मार्ग नाही. मल्हारनं पुण्याच्या मालवाल्याला फोन लावून भांडण केलं, मी तिथंच उभी राहून ऐकलं, आणि त्याच्या शिव्या ऐकून मला खरं सांगते, बरं वाटलं. माझ्या मनातल्याच होत्या.

दोन्ही परत गेलं. पुढचा माल दिवाळीनंतर.

उत्कर्षा


पलूस, दसरा, २ ऑक्टोबर

शिवतेज,

घाबरू नका आणि बसून वाचा.

काल खंडेनवमी. तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे त्या दिवशी घरातलं लोखंड म्हणून एक सुटत नाही. विळे, खुरपी, नांगराचा फाळ, ट्रॅक्टर, मोटरसायकल, माझं शिवणयंत्र, सगळं धुवायचं, पुसायचं, पूजायचं. मी स्वयंपाकघरात पुरण वाटत होते. बाहेर मामा ट्रॅक्टरला पाइप मारत होते, त्याचा आवाज येत होता. पाणी तापलं का बघायला मी सहज परसात आले, तर तुमचा डबा धुण्याच्या दगडावर पालथा. आतून पाण्याची धार लागलेली. शेजारी विळे, त्याच्या शेजारी ट्रॅक्टरची सीट.

माझ्या तोंडून नुसता आवाज निघाला. मामा दचकले, त्यांच्या हातातला पाइप खाली पडला.

"काय झालं, सूनबाई?"

"मामा, हे धुतलंत?"

"व्हय. खंडेनवमी न्हवं का? लय धूळ बसल्याली."

"अहो, तो कॉम्प्युटर आहे!"

"आगं, मग? त्यात पानीच खेळतंय म्हनं की. शिवानंच सांगितल्यालं मला, ‘आबा, ह्यो पान्यावर थंड ऱ्हातोय.’ आतनं पानी चालतंय आन् वरनं का चालंना?"

तुम्ही त्यांना म्हणालात पाण्यावर चालतो, त्यांनी विश्वास ठेवला. पाणी नळीत बंद असतं, बाहेर एक थेंब आला तरी घात होतो, हे पुढचं वाक्य सांगायचं तुम्ही आळसानं सोडलंत. तोवर आत्याबाई ताट घेऊन आल्या आणि त्या निथळत्या डब्याला त्यांनी हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूची माळ घातली. कुंकू झाकणाच्या जाळीतून आत गेलं. मी तिथंच पायरीवर बसले आणि रडले. आत्याबाईंना वाटलं, तुमची आठवण आली.

तेही खोटं नव्हतं.

मग उठले. मल्हारला फोन केला. त्यानं आधी विचारलं, "वीज लावल्याली का?" नव्हती. डबा माडीवर कोपऱ्यात झाकून ठेवलेला होता, वायर लागलेलीच नव्हती. "मग वाचतंय," म्हणाला. "समदं उघडा, उनात वाळवा, पंख्यासमोर ठेवा, आन् घाई करू नका." तेव्हा आता तुमच्या कॉम्प्युटरचे सगळे अवयव गच्चीवर पांढऱ्या धोतरावर मांडलेले आहेत. कावळ्यांना हाकलायला मामा स्वतः काठी घेऊन बसलेत. जेवताना म्हणाले, "माझ्यापायी पोराचं नुकसान झालं का गं?" मी नाही म्हटलं. पाच मिनिटांनी पुन्हा तेच विचारलं.

त्यांना फोनवर काही बोलू नका. बोललात तर माझ्याशी गाठ आहे.

सोनं घ्या, सोन्यासारखे राहा.

उत्कर्षा


पलूस, ३० ऑक्टोबर

शिवतेज,

यंत्र वाळलं. मल्हारनं सांगलीला नेऊन वीज लावून बघितली, चालतंय. कुंकू निघालं, एका पंख्याला थोडं राहिलंय. ही बातमी पहिल्यांदा, कारण तुम्हाला तीच हवी आहे. त्या रविवारी फोनवर तुम्ही मला म्हणालात, "तुझं लक्ष कुठं होतं?" माझं लक्ष पुरणात होतं. मी त्यावर फोनवर बोलले नाही, कारण मामा शेजारी उभे होते.

आता माझी बातमी.

तुमच्याच पलटणीतल्या तानाजीभावोजींची बायको पूजा परवा आली होती. दिवाळीला ते सुट्टीवर आलेत ना. पूजा हातात पिशवीभर कापड घेऊन आली. म्हणाली, "ताई, एवढे सगळे शिवून द्या, पण जानेवारीच्या आत." मी म्हटलं, "एवढे कशाला गं? कोणाचं लग्न आहे?" तर हसली आणि म्हणाली, "लग्न कुणाचं न्हाई. आमी जातोय न्हवं का! क्वार्टर मिळणार हाय. तिकडं कोण शिवून देनार चांगलं? पळीपासनं पाटापातुर समदं बांदून ठेवलंय मी." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमचे शिवून झाले का?"

मी तिच्या दंडाला टेप लावला होता. तसाच धरून उभी राहिले. म्हटलं, "नाही, अजून वेळ आहे."

संध्याकाळी तानाजीभावोजी तिला घ्यायला आले. मी विचारायचं नाही ठरवलं होतं आणि दारातच विचारलं. ते बिचारे अवघडले. म्हणाले, "वहिनी, साहेबांनी नावं मागितलेली, कोण कोण फॅमिली आनणार म्हनून. म्या दिलं. शिवा म्हनला, माझं नको, मी बराकीत ऱ्हातो, घरचे सोडत न्हाईत." मग म्हणाले, "नोव्हेंबर संपस्तवर देता येतंय नाव. त्याला म्या सांगितलंय बी."

म्हणजे तुम्ही मला पत्रात ‘मनात आणलं होतं’ लिहिलंत, ते कोणत्या मनात? आणि घरचे सोडत नाहीत म्हणालात, तर या घरात तुम्ही कोणाला विचारलंत? आत्याबाईंना? मामांना? मला तर नाहीच.

मी पूजाचे ब्लाऊज शिवते आहे. पहिल्याची बाही उलटी लावली, उसवून परत लावली. प्रत्येक टाक्याला मला तुमचा राग येतो. नुसता राग असता तर बरं होतं. तुम्हाला मी नको आहे का, हे एक वाक्य डोक्यातून जात नाही. नको असेन तर तसं लिहा, म्हाताऱ्या माणसांना मध्ये उभं करू नका.

कार्डाबद्दल या पत्रात काही नाही.

उत्कर्षा


पलूस, १६ नोव्हेंबर

शिवतेज,

तुमचं पत्र मिळालं. पहिल्यांदाच त्यात कार्ड नाही. तुम्ही लिहिलंत, "तू हवी आहेस. पण मला जमेल का, याची भीती वाटते. आठ वर्षं बराकीत काढली. सुट्टीवर येतो तेव्हा तुला माझं चांगलंच दिसतं. रोज बघितलंस तर कंटाळशील. म्हणून आईचं नाव पुढं केलं." अहो, चांगलंच दिसतं हे तुम्हाला कोणी सांगितलं? सुट्टीत तुम्ही ओला टॉवेल गादीवर टाकता, निम्मं बोलणं हिंदीत करता आणि झोपेत कोणाला तरी सावधान-विश्राम करायला लावता. हे बघूनच मी येते म्हणते आहे. भीती मलाही आहे. मी कधी पुण्याच्या पुढे गेलेले नाही. दोघांनाही भीती असेल तर निदान एका घरात बसून भिऊ.

हे पत्र वाचताना आत्याबाई समोर होत्या. "वाच मोठ्यानं," म्हणाल्या. या वेळी मी खरं वाचलं, सगळं. ‘आईचं नाव पुढं केलं’ इथंपर्यंत आले आणि त्यांनी पुढं वाचू दिलं नाही. उठल्या, परसात गेल्या, मामांना म्हणाल्या, "ऐकलं का आवं, आपुन पोराच्या आडवं पडलोय म्हनं." मग दोघं मिळून तुमच्या रविवारच्या फोनची वाट बघत बसले.

फोनवर त्या काय बोलल्या ते तुम्हाला किती ऐकू आलं माहीत नाही, लाइन तुटत होती. म्हणून लिहून पाठवते, त्यांनीच सांगितलंय लिही म्हणून. "काय रं शिवा, मला म्हातारी करून ठिवलीस व्हय? माझ्या गुडघ्याच्या नावावर तू बायकोला हितं बांदून घालतूस? माझा बाप्या फौजंत न्हवता म्हनून मला संगं ऱ्हायला मिळालं, तुझा काका फौजंत, तुझ्या काकूला न्हाई मिळालं, तिनं आयुष्यभर काय सोसलं ते मी बघितलंय. उत्कर्षाला न्हे. माझं डोळं पाणावल्यालं तुला दिसनार न्हाई, म्हनून सांगती, न्हे." आणि मामा मागून ओरडत होते ते असं, "थेंब माझं मी घालतो डोळ्यात! ऊस बी माझा मी बघतो!" थेंब त्यांना स्वतःला घालता येत नाहीत, गालावर पडतात. पण शेजारची शालूबाई रोज सकाळी येऊन घालीन म्हणाली आहे, मी तिच्याशी बोलून ठेवलंय. मार्चमध्ये ऊस गेला की दोघांनीही तिकडे येऊन राहायचं, असं आत्याबाईंनी मला न विचारताच ठरवलं आहे.

आता कार्डाचं.

मंगळवारी मल्हारचा फोन आला. "वहिनी, जमलं. दोन पंख्यांचं आखूड सत्तर आलंय. बारीक हाय. ब्लॉक नको, काय नको. तुमच्या डब्यात बसतंय, मी माप घेतलंय." मी गेले. त्यानं माझ्यासमोर आत घालून दाखवलं. रेडिएटर पुढं, कार्ड मागं, मध्ये बोटभर फट. इतक्या महिन्यांची पायपीट, आणि कार्ड एका झटक्यात जागेवर बसलं. मल्हार स्वतःवरच खूश होऊन बघत होता. मला आनंद व्हायला हवा होता. मी त्या डब्याकडे बघत राहिले आणि मला खाली ब्लँकेट, बाजूला कपडे, वर झाकण, सगळं दिसायला लागलं.

मी विचारलं, "तुमच्याकडे सगळ्यात मोठं कोणतं आहे?"

"काय, कार्ड? मोठं म्हंजे?"

"लांब. जाड. तीन पंख्यांचं."

त्यानं काढलं. दोन हातांनी धरावं लागतं, असं धूड आहे. मल्हार म्हणाला, "हे ह्यात जनमात बसायचं न्हाई, वहिनी."

"मग डबाच बदला."

त्यानं कार्ड खाली ठेवलं. "भाऊ बोलतील."

"बोलू द्या. पत्रातूनच बोलतात."

दोन्हीतला फरक भरायला तुम्ही ठेवलेल्या पैशात थोडी माझ्या शिवणाची भर घातली आहे, त्यामुळे कार्डावर माझाही हक्क आहे. लहान डबा मल्हारनं ठेवून घेतला. आता जो आहे तो आत्याबाईंच्या देव्हाऱ्याहून उंच आहे, एका बाजूला काच आहे. तुमचा रेडिएटर, पंप, नळ्या सगळं आत आहे, पाणी फिरतं ते दिसतं. वडापच्या खचाखच भरलेल्या जीपमधून आणताना त्याला एक पूर्ण सीट द्यावी लागली. मामांनी त्याला दुरूनच हात जोडले, जवळ गेले नाहीत.

चालतं का ते बघायला हवं होतं, म्हणून मी तुमचा गाड्या पळवायचा गेम लावला. पहिल्या दिवशी सारखी खड्ड्यात गेले. आत्याबाई मागे खाटेवर बसून, "आगं हळू घे की, समोरनं ट्रक येतुया!" म्हणून ओरडत होत्या. आता वळणं जमायला लागली आहेत. तुम्ही मागे दुसऱ्या कॉम्प्युटरवर खेळलात तेव्हाचा सगळ्यात कमी वेळ तुमच्या खात्यावर होता, तो काल मी मोडला. मल्हारनं सांगितलंय की आता पुढची चार-पाच वर्षं कार्डाकडे बघावं लागणार नाही.

तेव्हा आता स्थिती अशी आहे. हे यंत्र ट्रंकेत बसत नाही. बराकीत तुमच्या खाटेशेजारीही बसणार नाही. त्याला टेबल लागतं, टेबलाला भिंत लागते, भिंतीला खोली लागते, आणि खोली सरकार बराकीतल्या माणसाला देत नाही, बायको आणणाऱ्याला देतं. नाव द्यायची मुदत या महिन्याच्या शेवटापर्यंत आहे. हे पत्र वेळेत पोहोचेल की नाही सांगता येत नाही, म्हणून तानाजीभावोजींच्या हाती देते आहे. ते उद्या परत निघतात. ते तुमच्यासमोर उभे राहतील आणि तुम्ही नाव देईपर्यंत हलणार नाहीत, तसं त्यांनी मला कबूल केलं आहे. पूजाचे ब्लाऊज मी त्या अटीवरच पूर्ण केले.

माझे कालपासून शिवायला घेतले आहेत.

तुमची,
उत्कर्षा